पुनरुक्ती : दोष की गुण?

कथालेखनाविषयी या वेळी आलेल्या पत्रांत एक गोष्ट समान होती. कथानक कसे सुचते किंवा पात्रे कशी उभी करावीत, यापेक्षा वाक्य कसे बांधावे आणि तोच शब्द पुन्हा आला तर काय करावे, हेच बहुतेकांनी विचारले आहे. त्यामुळे हे सदर आम्ही त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीवर मी एक कथा लिहिली. त्यातील एक परिच्छेद असा होता : "आई दाराशी बसली होती. आईच्या मांडीवर सूप होते. आई पाने कातरत होती, पण आईचे लक्ष रस्त्याकडे होते." एका ज्येष्ठ परिचितांनी तो असा दुरुस्त करून दिला : "आई दाराशी बसली होती. तिच्या मांडीवर सूप होते. ती माउली पाने कातरत होती, पण त्या वृद्धेचे लक्ष रस्त्याकडे होते." एकच शब्द एका परिच्छेदात पुन्हा येऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे. पुनरुक्ती हा खरोखरच दोष मानावा का?
(एक वाचक, अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : आपल्या परिचितांनी सांगितलेला नियम जुना आहे आणि निराधार नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'कथितपद' नावाचा दोष सांगितला आहे. एकदा वापरलेला शब्द कारण नसताना पुन्हा वापरणे, असा त्याचा अर्थ. मात्र 'काव्यप्रकाश' या अकराव्या शतकातील ग्रंथात हा दोष सांगणाऱ्या मम्मटानेच तो कोठे गुण ठरतो, हेही नोंदवले आहे. त्याने घेतलेले एक उदाहरण आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते : 'उदेति सविता ताम्रस्ताम्र एवास्तमेति च'. सूर्य उगवतो तांबडा आणि मावळतोही तांबडाच. थोर माणसे संपत्तीत आणि विपत्तीत सारखीच राहतात, हे सांगण्यासाठी कवीने सूर्याचा आधार घेतला आहे. मम्मट म्हणतो की दुसऱ्या 'ताम्र'च्या जागी 'रक्त' हा समानार्थी शब्द घातला, तर अर्थ तोच असूनही तो वेगळा असल्यासारखा भासेल आणि वाचणाऱ्याची प्रतीती अडखळेल. म्हणजे जेथे 'तेच' हे सांगायचे आहे, तेथे शब्दही तोच हवा. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी दिलेला हा निर्णय आजच्या कथालेखकालाही पुरेसा आहे, असे आम्हांला वाटते.

आपल्या दुरुस्त परिच्छेदात नेमका हाच अडथळा आला आहे. 'आई', 'माउली' आणि 'वृद्धा' ही एकाच स्त्रीची तीन नावे आहेत. तथापि 'माउली' म्हणताच लेखक तिला नमस्कार करू लागतो आणि 'वृद्धा' म्हणताच तो तिच्यापासून दहा पावले दूर जाऊन उभा राहतो. मूळ परिच्छेदात सांगणारा तिचा मुलगा किंवा मुलगी होती. दुरुस्तीनंतर शेवटच्या वाक्यात तो कोणी परका झाला आहे. आपली आई पाने कातरत असताना तिला 'ती वृद्धा' म्हणणारे मूल आपल्या पाहण्यात आहे का?

तरीही आपला मूळ परिच्छेद जसाच्या तसा ठेवावा, असे आम्ही सुचवणार नाही. चार वेळा आलेल्या 'आई'पैकी पहिली आवश्यक आहे, दुसरी केवळ सवयीने आली आहे, आणि तिसऱ्या-चौथ्यामध्ये मात्र कथेचा जीव आहे. तेव्हा असे करून पाहावे : "आई दाराशी बसली होती. मांडीवर सूप. आई पाने कातरत होती आणि आईचे लक्ष रस्त्याकडे होते." येथे दुसरी 'आई' गेली. 'पण'च्या जागी 'आणि' आला, कारण 'पण' विरोध आधीच समजावून सांगतो आणि वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. एकाच वाक्यात 'आई' दोनदा राहिली, कारण त्यामुळे हात चालणारी आई आणि रस्ता पाहणारी आई अशा दोघी जणी तेथे बसल्यासारख्या दिसतात. 'तिचे लक्ष' असे लिहिले असते, तर एकच स्त्री दोन कामे करताना दिसली असती. आपल्या कथेत मुलगा परगावी गेला आहे, असे आपण पत्रात पुढे लिहिले आहे. मग ही फोड फार मोलाची आहे.

पुनरुक्तीची पारख करण्यासाठी आम्ही एकच प्रश्न विचारतो : दुसऱ्यांदा येताना त्या शब्दाने काही अधिक आणले का? आपल्या रोजच्या बोलण्यात ही जाण पक्की असते. "शेवटी घर ते घर", "बाप तो बापच" असे आपण म्हणतो, तेव्हा पहिले 'घर' म्हणजे चार भिंती आणि दुसरे 'घर' म्हणजे त्या भिंतींनी दिलेला आसरा, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बोलताना असलेली ही जाण लिहायला बसताच का सुटते, याचे कारण बहुधा शाळेतील निबंधलेखनात सापडेल. तेथे समानार्थी शब्दांना गुण मिळतात.

प्रश्न : माझी सर्व वाक्ये 'ला', 'ली', 'ले' यांनी संपतात, अशी तक्रार मैत्रिणी करतात. नमुना म्हणून यंत्रमाग कारखान्यावरील कथेतील काही ओळी पाठवत आहे : "गजर झाला. शंकर उठला. त्याने तोंड धुतले. त्याने डबा घेतला. तो कारखान्यात गेला. नऊ वाजता मालक आला. त्याने मेन स्विच बंद केला. सगळे माग थांबले." यातून सुटका कशी करावी?
(एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : ही अडचण आपली एकटीची नाही, ती मराठी वाक्यरचनेतूनच येते. मराठीत कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी, हा साधा क्रम आहे. कथा बहुधा भूतकाळात सांगितली जाते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रत्येक वाक्याच्या टोकाशी तोच प्रत्यय येतो आणि लेखकाने न मागितलेले यमक जुळत राहते. म्हणून मराठीत वाक्यारंभी केलेली पुनरावृत्ती वाचकाला हेतुपूर्वक केलेली वाटते, तर वाक्याच्या शेवटी आलेली पुनरावृत्ती त्याच्या कानावरून तशीच निघून जाते किंवा त्याला कंटाळा आणते.

हा दोष नेमक्या कोणत्या क्षणी गुण होतो, ते पाहण्यासाठी सोलापूरच्याच शाहिराकडे जावे. राम जोशींच्या लावणीची सुरुवात सर्वांना पाठ आहे : 'सुंदरा मनामधे भरली, जरा नाही ठरली, हवेलीत शिरली, मोत्याचा भांग'. भरली, ठरली, शिरली ही तीनही साधी भूतकाळी क्रियापदे आहेत आणि आपल्या तक्रारीतील 'ली'च येथेही आहे. फरक दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे ती तीन क्रियापदे मिळून एक हालचाल पुरी करतात : ती मनात येते, थांबत नाही, आत निघून जाते. दुसरे म्हणजे चौथ्या तुकड्यात क्रियापदच नाही. धावत आलेली ओळ 'मोत्याचा भांग' या शब्दांवर एकदम स्थिर होते आणि जाणारी स्त्री नजरेआड होताना तिचा भांगच तेवढा डोळ्यांसमोर राहतो. गद्याने लावणीची नक्कल करू नये, हे खरे. परंतु सारख्या शेवटांची रांग कोठे तोडावी, हे गद्यलेखकाने येथून अवश्य शिकावे.

आता आपल्या ओळी पाहू. त्यांतील खरी घटना एकच आहे, माग थांबणे. बाकी सर्व तिच्याकडे नेणारी वाट आहे. तेव्हा वाटेवरच्या क्रिया दुय्यम रूपांत घालाव्यात आणि पूर्ण क्रियापद मोठ्या घटनेसाठी राखून ठेवावे : "गजर होण्याआधीच उठून, तोंड धुऊन, डबा घेऊन शंकर अंधारात कारखान्याकडे निघाला. नऊच्या सुमारास मालक आले. आले ते सरळ मेन स्विचकडे. माग थांबले."

येथे 'ऊन' या प्रत्ययाची रूपे सलग तीन आली आहेत. तीही पुनरावृत्तीच आहे, पण ती रोजच्या सवयीची आहे, आणि शंकरची सकाळ रोज अशीच होते हे ती न सांगता सांगते. 'आले. आले ते सरळ' ही रचना अस्सल मराठी आहे. आधीच्या वाक्याचे शेवटचे क्रियापद उचलून पुढच्या वाक्याच्या आरंभी ठेवायचे आणि 'तो, ती, ते' लावून पुढे जायचे. "बसला तो बसलाच", "निघाली ती थेट माहेरी" असे आपण रोज बोलतो. तिच्यात वेगही आहे आणि किंचित दचकाही आहे. मात्र एका कथेत ती दोन-तीनदाच शोभते, त्याहून अधिक आली की लकब होते. 'सगळे माग थांबले' मधील 'सगळे' आम्ही काढले, कारण मेन स्विच बंद झाल्यावर सगळेच थांबणार. आधीच्या लांब वाक्यानंतर दोनच शब्दांचे वाक्य आले की ते थांबणे कानालाही जाणवते.

आपली मूळ तुटक वाक्ये कोठेच चालणार नाहीत, असे नाही. माणूस सुन्न असताना त्याला कारणे आणि संबंध दिसत नाहीत, एकामागून एक घटना तेवढ्या दिसतात. कारखाना बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची शंकरची सकाळ याच शैलीत लिहावी. "शंकर उठला. त्याने तोंड धुतले. त्याने डबा घेतला." एवढेच. पहिल्या दिवशी लांब, सवयीने वाहणारे वाक्य वाचलेल्या वाचकाला दुसऱ्या दिवशीचे तुकडे वाचताना काय झाले आहे ते कळेल.

प्रश्न : 'आणि'ने वाक्य सुरू करावे का? तसेच यादीत प्रत्येक शब्दानंतर 'आणि' चालेल का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : दोन्ही चालते. जुन्या मराठी गद्यात, उदाहरणार्थ 'लीळाचरित्रा'त, 'मग' आणि 'तवं' यांनी वाक्ये सुरू होतात आणि त्यामुळे सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. यादीबाबत एवढे ध्यानात घ्यावे : "पिठले, भाकरी, शेंगाची चटणी, कांदा" यात ताट झटक्यात वाढले जाते. "पिठले आणि भाकरी आणि शेंगाची चटणी आणि वर कांदा" यात भुकेला माणूस एकेक पदार्थ मोजतो. कोण पाहत आहे, त्यावर निवड करावी.

प्रश्न : वाक्याची सुरुवात तीनदा सारखी करावी, म्हणजे परिणाम होतो, असे एका कार्यशाळेत सांगितले गेले. तीनच का? भाषणात हे शोभते, पण कथेत ते नाटकी वाटत नाही का?
(एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : तीन या आकड्यात काही जादू नाही. पहिल्यांदा वाक्य केवळ वाक्य असते, दुसऱ्यांदा त्याचा साचा लक्षात येतो, आणि तिसऱ्यांदा वाचक त्या साच्याची वाट पाहत असतो. म्हणून तिसऱ्या वेळी त्याला काहीतरी वेगळे दिले पाहिजे. श्रावणातल्या कहाण्यांत वसा देताना बजावले जाते : 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको'. पहिले दोन तुकडे दोन-दोन शब्दांचे आहेत आणि तिसरा चार शब्दांचा. सारा भार तिसऱ्यावर आहे, कारण कहाणीत पुढे वसाच टाकला जाणार असतो. हा क्रम उलटा करून पाहावा : 'घेतला वसा टाकू नको, उतू नको, मातू नको'. वाक्याचा अर्थ बदलत नाही, पण त्यातली ताकीद निघून जाते.

साखळीसारख्या रचनेचे मराठीतील सर्वांत बलवान उदाहरण महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (1883) या ग्रंथाच्या आरंभी आहे : 'विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले'. एका तुकड्यात जे गमावले, ते पुढच्या तुकड्याच्या आरंभी कारण बनून येते. अलंकारशास्त्रात याला कारणमाला म्हणतात. या ओळींची कीर्ती त्या साखळीमुळे आहेच, पण आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिच्यातील खंड. गेली, गेली, गेली, गेले असे चार वेळा झाल्यावर पाचव्या ठिकाणी 'गेले' येत नाही, 'खचले' येते. मती, नीती, गती, वित्त या गोष्टी जातात. माणूस मात्र कोठे जात नाही, तो तेथेच राहतो आणि खचतो. एका क्रियापदाच्या बदलाने गुणांची यादी माणसापाशी येऊन थांबली. नंतर सहाव्या तुकड्यात 'विद्येविना'ची जागा 'अविद्येने' घेते, म्हणजे उणीव असलेली गोष्ट आता कर्ता होऊन समोर येते. इतक्या थोड्या शब्दांत इतके नेमके बांधकाम करणारे गद्य आमच्या वाचनात फारसे नाही.

नाटकीपणाची आपली शंका रास्त आहे. भाषणात श्रोत्याला मागे वळून पाहता येत नाही, म्हणून तेथे पुनरावृत्ती जवळजवळ आणि ठळक लागते. कथेत ती लांब अंतरावर ठेवता येते. एखादे वाक्य पहिल्या पानावर सहज यावे, मध्यावर थोड्या वेगळ्या प्रसंगी यावे, आणि नंतर ते कोणा दुसऱ्या पात्राच्या तोंडी यावे. अभंगातील ध्रुवपद असेच काम करते. प्रत्येक कडव्यानंतर शब्द तेच राहतात, पण मधल्या कडव्याने त्यांचा भार बदललेला असतो. सोलापूरचे ग्रामदैवत झालेले सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील वचनकार, म्हणजे 'वचन' नावाच्या छोट्या भक्तिपर रचना करणारे संत होते. त्यांच्या कन्नड वचनांच्या शेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही नाममुद्रा येते. वचनात कधी विचार असतो, कधी तक्रार, कधी शरणागती. संबोधन मात्र एकच. त्यामुळे तीच हाक कधी प्रश्नासारखी लागते, तर कधी उत्तरासारखी.

आणखी एक रचना सुचवतो, कारण ती पुनरावृत्तीच्या उलट दिशेने जाते आणि कार्यशाळांत तिचा उल्लेख क्वचितच होतो. एकच क्रियापद अनेक वाक्यांशांना लावणे, याला आपल्याकडे दीपक अलंकार म्हणतात. "आजोबांनी जमीन विकली, वडिलांनी माग, आणि मी वेळ." क्रियापद एकदाच उच्चारले आहे. पुढे ते वाचक स्वतः पुरवतो, आणि तिसऱ्या वेळी पुरवताना त्याला 'विकणे' या क्रियेचा दुसरा अर्थ सापडतो. तीन पिढ्यांची कथा सांगणाऱ्या लेखकाने हे साधन हाताशी ठेवावे.

प्रश्न : माझी पात्रे सोलापुरात राहणारी आहेत आणि बोलताना ती शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात. संवादात हे किती ठेवावे? उदाहरणार्थ, मुलगा गाव सोडून निघताना आई म्हणते : "'जाऊ नको. जाऊ नको. जाऊ नको ना रे,' ती कळवळून, काकुळतीने म्हणाली."
(एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : बोलण्यातील द्विरुक्ती ही मराठीची मोठी संपत्ती आहे आणि ती गाळली तर पात्रे पुस्तकी होतात. पण तिचे प्रकार वेगळे ओळखावेत. 'बोलता बोलता' म्हणजे बोलण्याच्या ओघात, 'बोलून बोलून' म्हणजे थकेपर्यंत. 'घरोघर' म्हणजे प्रत्येक घरी, 'घर घर करणे' म्हणजे घराचा ध्यास घेणे. 'चहा-बिहा' म्हणणारा माणूस चहाला फारसे महत्त्व देत नसतो किंवा तसे दाखवत असतो. आपल्या शहरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्या भाषांत अशा जोडशब्दाचा दुसरा भाग 'गि' किंवा 'गी'ने सुरू होतो, जसे कन्नडमध्ये 'ऊट-गीट', म्हणजे जेवण-बिवण. पात्र कोणत्या घरातले आहे, हे अशा एका जोडशब्दातून कळू शकते. 'ये की', 'सांग की' यांतील 'की'चेही तसेच. मात्र तो प्रत्येक वाक्याला लावला, तर पात्राऐवजी बोलीचे प्रदर्शन होईल.

दुसऱ्याचा शब्द तसाच परत करणे, ही संवादातील आणखी एक ताकद आहे. "'दिवाळीला येतो म्हणाला होता.' 'म्हणाला होता.'" दुसऱ्या माणसाने नवा शब्द एकही उच्चारला नाही, पण त्याचा विश्वास उडाल्याचे स्पष्ट झाले. येथे 'तो उपहासाने म्हणाला' असे जोडले की सर्व वाया जाते.

आता आपले वाक्य. तीनदा 'जाऊ नको' म्हणताना आवाज चढतो, असे आपल्याला दाखवायचे असावे, परंतु कागदावर तीनही सारखेच दिसतात. मराठीत शब्दांची जागा हलवता येते, तिचा येथे उपयोग करावा. 'जाऊ नको' ही आज्ञा आहे, त्यात आईचा अधिकार आहे. 'नको जाऊ' यात तो अधिकार संपून विनवणी सुरू होते. म्हणून दोनदाच म्हणू द्यावे आणि दुसऱ्यांदा क्रम उलटा करावा : "'जाऊ नको,' आई म्हणाली. 'नको जाऊ.'" कळवळणे आणि काकुळती हे दोन्ही शब्द काढून टाकावेत. त्यांचे काम उलटलेल्या क्रमाने आधीच केले आहे, आणि पुढच्या ओळीत मुलाने उत्तर देण्याऐवजी पिशवीची गाठ बांधत राहावे.